जायफळीची दुडकी

डब्यात कोपरापर्यंत हात घालून घोडेमामांनी तळाची पावडर बोटांनी खरवडली, मोजचमच्यात भरली आणि चमच्यावरून अंगठा फिरवून ती सपाट केली. शेवटचा चमचा होता. पण शेवटचा असला तरी सपाटच. डब्यावर तसं छापलं होतं आणि नव्वद दिवसांत मामांनी त्या छापलेल्याच्या बाहेर एक कण टाकला नव्हता. पहिले एकवीस दिवस दोन चमचे, पुढे एक. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी ते आठवड्यातून दोनदा हमखास विसरत. ही पावडर एकदाही विसरले नाहीत.

सांध्यांसाठी होती ती. घोड्यांच्या सांध्यांसाठी. उघडल्याबरोबर नाकात सुकलेल्या मासळीसारखा वास शिरायचा आणि जायफळीला तो मुळीच खपत नसे. पहिल्या दिवशी तिने घमेल्यात तोंड घातलं, वरचा ओठ मुडपला आणि मामांकडे असं पाहिलं, की बापजन्मी कुणी तिचा इतका अपमान केला नसावा. मग ओठाने निवडून निवडून सगळा भरडा खाल्ला आणि पावडर तेवढी तळाशी शाबूत ठेवली. तेव्हापासून मामांच्या युक्त्या सुरू झाल्या. किसलेलं गाजर घालून पाहिलं, सफरचंदाच्या साली घालून पाहिल्या, आणि अखेर भिजवलेल्या कोंड्याचे गोळे करून एकेक हाताने भरवायचं ठरलं.

"पोटच्या पोरांना एवढे घास भरवले नाहीत कधी," मामांची बायको म्हणाली होती. तिला डब्यावरचं वाचून दाखवलं, खेकड्याच्या कवचातून काढलेलं काहीतरी त्यात असतं म्हणून, तर ती हसतच सुटली. "जन्मभर गवत खाल्लेल्या बाईला म्हातारपणी खेकडे? अहो, धर्म बुडवलात की तिचा!"

"सांध्यांना वंगण लागतं," मामा म्हणाले. ते रागावले होते.

"मग त्यातलं चमचाभर स्वतःला लावा. जिना उतरताना कठडा उपटून हातात घेता ते मला दिसत नाही होय?"

माणसाचं काय घेऊन बसलीस, असं म्हणून मामांनी तो विषय तिथेच मिटवला. विषय मिटवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुडघ्याचं मालकीणबाईंना सांगून टाका, असं बायको वर्षभर सांगत होती, आणि सांगतो, असं मामा वर्षभर म्हणत होते.

आज मात्र त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी शेवटचा गोळा वळला, जायफळीच्या ओठांपाशी धरला.

"खा बये. आजचा दिवस. एवढा खा आणि नीट पळ, माझी आई. मग आयुष्यात पुन्हा तुला हा वास देणार नाही."

तिने गोळा घेतला, तोंड वाकडं केलं आणि गिळला.

ही घोडेस्वारी शिकवणारी शाळा होती. तबेल्यात सात घोडे, समोर गोल मैदान, आणि तबेल्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत विटांची सरळ वाट. गावातल्या कित्येक मुलांना आयुष्यातला पहिला घोडा म्हणजे जायफळी. रंग खरोखरच जायफळासारखा, वय अठरा. मूल पाठीवर बसलं की ती अंड्यांची टोपली घेतल्यासारखी चालायची. या मुलांनीच मोतद्दाराला घोडेमामा केलं होतं, आणि आता मालकीणबाईसुद्धा त्यांना मामाच म्हणत. अकरा वर्षं खरारा, खोगीर, दाणापाणी, सगळं जायफळीचं मामांकडे होतं.

तीन महिन्यांपूर्वी जुन्या डॉक्टरांनी तिला विटांच्या वाटेवर दुडक्या चालीने पळवायला लावलं, आणि मान हलवली. दर दुसऱ्या पावलाला घोडीचं डोकं खाली जात होतं. घोड्याचा पाय दुखायला लागला की तो मानेने सांगतो. वय झालंय, डॉक्टर म्हणाले, सांधे झिजत आले असणार. पूर्ण विश्रांती द्या, ही पावडर द्या, नव्वद दिवसांनी बघू. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मामा घोडी पळवत आणि मालकीणबाई तबेल्याच्या पायरीवर उभ्या राहून बघत. दर रविवारी मामा धापा टाकत विचारत, "कशी काय?" आणि दर रविवारी बाई म्हणत, "डोकं जातंय अजून."

बाई मनाने वाईट नव्हत्या. पण एका गोष्टीला त्या पक्क्या होत्या. "लंगड्या घोड्यावर मी लोकांची मुलं बसवणार नाही, मामा. मधेच पाय दुमडला तर?" जायफळी बरी झाली नाही, तर तिला म्हाताऱ्या घोड्यांच्या कुरणावर पाठवायचं ठरलं होतं. गाडीने आठ तासांचा रस्ता. तिथे गवत उत्तम आहे, माणसं चांगली आहेत, असं बाईंनी तीन वेळा सांगितलं होतं. चांगलीच असतील. पण मामांना रात्रंदिवस एकच दिसायचं, की जायफळी तिथल्या कुंपणापाशी उभी आहे आणि कोण येतंय ते बघते आहे. गाडी उद्या सकाळी यायची होती.

जुने डॉक्टर मध्यंतरी निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेली डॉक्टरीण तिशीची, बारकीशी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. ही काय घोड्याचा पाय उचलणार, असं मामांच्या मनात आलं. तिने उचलला. चारही पाय एकेक करून हातात घेतले, सांध्यांवरून बोटं फिरवली, पुढचा डावा पाय वाकवून घड्याळाकडे बघत मिनिटभर तसाच धरून ठेवला. जायफळी शेजारच्या ठाणातलं गवत कसं लांबवता येईल याचा अंदाज घेत उभी होती.

"सूज नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पाय गार आहेत. वाकवला तरी हूं की चूं नाही. या वयाला इतके चांगले सांधे मी फारसे पाहिले नाहीत."

मामा पुढे सरसावले. "पावडर लागू पडली म्हणायची मग?"

"पडलीही असेल. खरं सांगू का मामा, त्या पावडरीने कुणाला आराम पडतो, कुणाला नाही. छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटला नाही." ती उठली, हात झटकले. "पळवा बघू."

मामांनी दोर घोडीच्या हनुवटीखाली, अगदी आखूड, उजव्या मुठीत पकडला. जिभेने टक् केलं. जायफळी लगेच दुडक्या चालीत आली आणि दोघं टाकीकडे निघाली. मामा एकसष्ट वर्षांचे होते, पण विटांवर घोडी पळवताना त्यांना ते कधी जाणवत नसे. एकट्याने चालताना जाणवे, जिन्यावर तर फारच जाणवे. घोडीबरोबर मात्र डावा गुडघा कसा का होईना निभावून न्यायचा. टाकीपाशी वळून ते परत आले. धाप लागली होती.

"कशी काय?"

पायरीवरून मालकीणबाईंनी मान हलवली. सुस्कारा सोडला, आणि मामांना कळलं.

"परत," डॉक्टरीण म्हणाली.

मामा परत पळाले. मनात एकच घोष, पोरी डोकं वर, पोरी डोकं वर. आले तेव्हा डॉक्टरीण कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"आता दोर लांब सोडून पळवा. तिच्या तोंडाला हात नको."

"लांब सोडला तर उधळते ती," मामा तत्काळ म्हणाले. जायफळी जन्मात उधळली नव्हती.

"बरं, मग दुसऱ्या कुणाच्या हातात द्या."

"छे छे. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला येत नाही ती."

"खरंय ते," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे तिला दुसरं कुणी पळवतच नाही. चावते म्हणे."

वास्तविक जायफळीने आजवर चावली होती ती एक टोपी. अकरा वर्षांपूर्वी एका मोतद्दाराच्या डोक्यावरची, आणि तीही वाळक्या गवताची होती, त्यात तिचा काय दोष. पण त्या टोपीचा पुढे कान झाला, कानाचा खांदा झाला, आणि मामांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आपल्या एकट्याचंच ऐकते, यात माणसाला केवढं सुख असतं!

"मला चावली तर माझ्याकडे मलम आहे," डॉक्टरीण म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

दोर द्यावा लागला. मामा बाजूला होऊन पायरीपाशी, बाईंच्या शेजारी उभे राहिले. डॉक्टरीण घोडीच्या मानेवर थोपटून काहीतरी पुटपुटली, दोर हातभर लांब सोडला आणि पळत सुटली. जायफळी गेली की तिच्याबरोबर! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बेइमान, मामांच्या मनात आलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, अगदी एवढंसं तोंड झालं.

आणि मग त्यांना ती दिसली.

अकरा वर्षांत मामांनी जायफळीला दुडक्या चालीने पळताना बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसे? ते कायम तिच्या तोंडाशी. त्यांना ठाऊक होता तिचा कान, तिचा गाल, नाकपुडीची उघडझाप आणि विटांवरचा आवाज. आता ती सगळीच्या सगळी दिसत होती. मान ताठ आणि स्थिर, पाठ सपाट, पाय विटांवर टेकले न टेकले तोच वर. टप टप, टप टप, एकही टाप हलकी नाही की जड नाही. टाकीपाशी वळली तेव्हा तिने शेपटी झोकात उडवली.

"अशी पळतेस होय गं तू," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, त्यांना कळलंही नाही.

"अगं बाई!" मालकीणबाई पायरीवरून खालीच उतरल्या. "डोकं कुठे जातंय? मामा, बघा ना, मुळीच नाही जात! लागू पडली की हो पावडर!" मग त्या थबकल्या. "पण मग आत्ता, तुम्ही पळवलीत तेव्हा?"

डॉक्टरीण घोडीला घेऊन परत आली होती. दोराची घडी करत तिने फक्त एकदा मामांच्या डाव्या पायाकडे पाहिलं, मग मामांच्या तोंडाकडे, आणि दोर त्यांच्या हातात परत दिला.

"आखडली असेल आधी," बाईंनी स्वतःच उत्तर शोधलं. "उभी राहून राहून आखडतात. दोन फेऱ्यांत गरम झाली असेल. असं करू या, गाडी आठवडाभर पुढे ढकलते. पुढच्या रविवारी मामा पुन्हा पळवतील, तेव्हा ठरवू. चालेल ना डॉक्टर?"

"मामांना विचारा," डॉक्टरीण म्हणाली.

मामांचं डोकं भराभर चालायला लागलं. आठवडा मिळाला होता. पुढच्या रविवारी पाय मुरगळला म्हणता येईल, किंवा ताप आला म्हणता येईल. पळवू दे दुसऱ्या कुणाला, घोडी पास होईल, सगळं जागच्या जागी राहील. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काहीतरी सुचेल. सबबींवर त्यांनी आख्खं वर्ष काढलं होतं. त्यांच्या आधीच्या मोतद्दाराने एक दिवस खरं सांगून टाकलं होतं, की आता पळणं जमत नाही. त्याला फाटकापाशी एक खुर्ची मिळाली, आणि सहा महिन्यांत खुर्चीवरचा तो माणूस घोड्यांनी ओळखायचा बंद केला. मोतद्दार म्हणजे पळणारा माणूस. पळता येत नसेल तर मग तो कोण?

दोर हातात होता, पण मूठ सैल होती, मान वर ठेवायला घोडीला कुणी अडवलं नव्हतं. तरी जायफळीने मान खाली घेतली. एक पाऊल पुढे आली, मामांच्या उजव्या बाजूला बरोबर लागून उभी राहिली आणि हनुवटी त्यांच्या मुठीच्या उंचीला आणून ठेवली. तशीच थांबली. मामांनी भार टाकायची ती वाट बघत होती.

मामांना एकदम सगळं कळलं, आणि कळलं तसं मेल्याहून मेल्यासारखं झालं. डाव्या पायावर भार आला की आपला उजवा हात खाली ओढतो. तो हात तिच्या तोंडाला बांधलेला. दर दुसऱ्या पावलाला. हिचं डोकं जात नव्हतं, आपण नेत होतो. आणि ही बया वर्षभर काठी होऊन आपल्याबरोबर पळते आहे.

"बाई," मामा म्हणाले. "गाडी पुढे ढकलू नका."

"म्हणजे?"

"गाडी नकोच म्हणून सांगा. घोडी लंगडत नाही." त्यांनी डावा गुडघा चाचपला. "मी लंगडतो."

बाईंना अर्थबोध झाला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग मामांनी सगळं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं, दोराचं सांगितलं, लोंबकळत पळण्याचं सांगितलं. टोपीचंही सांगून टाकलं, सांगायचंच तर ते तरी मागे कशाला ठेवा. डॉक्टरीण मधेच एकदा म्हणाली, "मला दुसऱ्या फेरीला शंका आली," तेवढंच.

"तेरा रविवार, मामा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रागाने कापत होता. "तेरा रविवार मी त्या पायरीवर उभी राहून तिचे पाय बघते आहे. डोळ्यांत तेल घालून बघते आहे!"

"घोडा बघायला आलेला माणूस मोतद्दाराकडे कशाला बघेल, बाई?"

मामांनी हे तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. जगरहाटी सांगावी तसं म्हटलं होतं. पण बाईंचा आवाज उतरला.

"आणि उद्या ती गेली असती म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"मला ठाऊक नव्हतं. आईशप्पथ बाई. गुडघा दुखतो ते ठाऊक होतं. तो तिच्या नावावर चढतोय, ते आत्ता कळलं. आधी कळतं तर..." पुढे काय, ते मामांना नीट सांगता येईना. आधी कळतं तर त्यांनी आधी सांगितलं असतं, असं त्यांना फार फार म्हणायचं होतं. बायकोला वर्षभर म्हटलेलं 'सांगतो' आठवून त्यांनी ते वाक्य सोडून दिलं.

बाई चार पावलं बाजूला गेल्या आणि त्यांनी गाडीवाल्याला फोन लावला. "उद्याची गाडी नको. नाही, पुढच्या आठवड्यालाही नको. नाही हो, कधीच नको. घोडी ठणठणीत आहे." मामांनी जायफळीच्या मानेत तोंड खुपसलं. तिच्या अंगाला गवताचा आणि त्या मेल्या पावडरीचा वास येत होता. पुढचं काय व्हायचं ते होवो, त्यांच्या मनात आलं, ही राहिली.

फोन ठेवून बाई परत आल्या तेव्हा डॉक्टरिणीने मामांच्या हातातून दोर काढून घेतला होता.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

"मी काय?"

"चाला. टाकीपर्यंत जा आणि परत या. घोडीशिवाय. मी माणसांची डॉक्टर नाही, पण लंगडणं मला कळतं."

"आता काय थट्टा करता का म्हाताऱ्याची!" मामा हसले. पण कुणीच हसलं नाही, तेव्हा ते वाटेच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. त्यांना भारी लाज वाटत होती. एवढ्या वर्षांत या विटांवरून ते हजारदा गेले असतील, पण सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी शर्ट खाली ओढला आणि चालायला सुरुवात केली.

पाच-सात पावलं बरी गेली. निदान त्यांना तसं वाटलं.

"हात खाली, मामा," मागून डॉक्टरीण म्हणाली.

मामांनी पाहिलं. त्यांची उजवी मूठ खांद्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या हवेत घट्ट आवळलेली होती. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी हात सावकाश खाली घेतला, अंगालगत सोडला. पुढचं पाऊल डाव्या पायाचं होतं. सगळा भार, या वाटेवर वर्षभरात प्रथमच, त्या एकट्या गुडघ्यावर आला.

"आई गं," मामा म्हणाले. चारचौघांत त्यांच्या तोंडून हे कधी निघालं नव्हतं.

ते थांबले, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. जायफळी डॉक्टरिणीच्या हातात कान टवकारून उभी होती. मालकीणबाई पायरीवर परतल्या नव्हत्या. त्या विटांवर उकिडव्या बसल्या होत्या, एक हात जमिनीला टेकून, घोड्याच्या पायांकडे बघायला बसावं तशा, आणि मामांच्या पायांकडे बघत होत्या.

"दिसलं," त्या म्हणाल्या. "परत या, मामा. सावकाश या, घाई नाही."